उजवा भंडाऱ्याचा, डावा नागपूरचा

वेणूबाई सोनकुसरे दोन्ही हात पुढे करते,
बांगड्या भरायला बसल्यासारखी.
"हा उजवा भंडाऱ्याचा," म्हणते,
"आन हा डावा नागपूरचा."

उजव्या तळव्यात
मनगटाकडे उतरलेली पांढुरकी रेघ,
करंगळीच्या दोन पेरांएवढी.
डाव्यावरची शोधावी लागते.
मनगटाच्या घडीतच लपलेली, शर्टाच्या काजाएवढी.
मी शिंपी. काज मला न मोजता कळतं.

शाळा उघडायच्या आठवड्यात
चौऱ्याहत्तर गणवेश टेबलावर अर्धे कापलेले,
आणि कात्री पडली.
पडली हे मला आवाजानं कळलं.
तेव्हापासून रात्री दोनला उठून हात झटकतो.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिकेची अर्धी बाजू
सगळ्यांना मुंग्या.
करंगळी तेवढी जागी,
मयताच्या घरी सोबतीला आलेल्या शेजारणीसारखी.

मोहाडीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीमागे चित्र काढलं:
मनगटात बोगदा, वर एक पट्टा,
खाली नऊ दोऱ्या आणि एक नस.
पट्टा कापायचा, एवढंच.
तळवा उघडून वरून,
की बारीक चिरेतून दुर्बीण सारून आतून,
ते तुम्ही ठरवा.
मी मनात म्हटलं, नेफा.
नाडा आत आवळलाय, नेफा उसवायचा.
हे काम मी रोज करतो, दुसऱ्यांच्या पायजम्यांवर.

"भंडाऱ्याले समदं उघडून केलं," वेणूबाई सांगते.
"डॉक्टरले सारं दिसे. म्या मान फिरवली.
मंग दोन महिने भुईवर हात टेकून उठता नाही आलं,
इथं बुडाशी ठणके.
कणीक सुनेनं मळली, आन मले आयकवली बी."
डावा हात ती जरा हळू ठेवते.
"नागपूरले आतलं टीव्हीवर दिसे.
तिसऱ्या हप्त्यात सूत धरलं.
पैसे जावयानं भरले.
आता घरी आला का पयले हात पायते माहा,
गहाण ठेवल्यासारखा."

मग नागपूरच ना, मी विचारतो.

ती टोपलीतून दोन कोसे काढते.
एक अख्खा.
दुसऱ्यातून पाखरू निघून गेलेलं,
टोकाला वाटाण्याएवढं भोक.
"याचं अखंड सूत नाही निघत.
भोक लहान हाय,
पण आत किती तार तुटले, थे बाहीरून नाही दिसत.
दुर्बीणवाला डॉक्टरच बोलला,
नीट नाही दिसलं तं मोठी चीर देईन, आधीच सही करा.
म्या केली. त्याले दिसलं. माहं नशीब."

डोळे मिटून ती म्हणते, दे धागा.
डाव्या हाताला टोक लगेच सापडतं.
उजव्याला सापडतं,
पण मधल्या बोटावरून एकदा घसरून.
"हे बोट अजून लोकरीचंच हाय."
"चीर मोठी म्हणून?"
"नाही रे बाप्पा.
चार वर्सं थांबली म्हणून.
धानाची कापणी, मंग पोरीचं लगन, मंग साड्यांची आर्डर.
डाव्याच्या वक्ताले चार महिने बी नाही थांबली.
झोप मातर दोन्ही हातांनं सारखीच देल्ली.
टाके होते तरी त्याच राती."

ती पुन्हा कामाला लागते.
मांडीवर सूत, सुतावर उजवा तळवा,
पीळ देताना ती रेघ
खाली जाते, वर येते.
डावा हात कोशांतून तार ओढत राहतो.
कोणता कुठला, हे मला आता
बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

मान वर न करता ती विचारते,
"तुहा कोनता?"
उजवा.
"कधीपासून?"

मी मोजायला लागतो.
यंदाचे गणवेश. गेल्या सालचे,
तेव्हा बटणं पोराकडून लावून घेतली होती.
त्याआधीचे,
तेव्हा सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारायचो,
चष्म्याचं निमित्त सांगून.
करंगळीवरून अनामिकेवर येतो
आणि तिच्या अर्ध्यात
मोजणं हरवतं.